जुईची वाटी

“आत्या, बोट दाखवा बरं.”

नूतन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. आत यायची तिला बंदी होती, कारण मी सोवळ्यात होते. त्या दिवशी माझ्या वहिनीचं वर्षश्राद्ध. वैशाखातली सकाळ, तासगावात सातलाच उन्हाचे चटके बसायला लागलेले, आणि ही माझी भाचेसून मला हात पुढे करायला सांगत होती, शाळेत बाई नखं तपासतात तशी.

“बोटाला काय धाड भरलीय? बरं आहे.”

“काल संध्याकाळी पू येत होता. मी मलम लावून पट्टी लावली होती ना? कुठाय ती?”

“काढून टाकली.”

“का?”

“चिकटपट्टी लावून सोवळ्यातला स्वयंपाक करतात होय गं?”

चार दिवसांपूर्वी कैऱ्या चिरताना विळीनं उजव्या हाताचं पहिलं बोट कापलं होतं. मी हळद दाबली आणि कामाला लागले. आजवर अशा शंभर जखमा हळदीनं भरल्या होत्या. ही मात्र आतून पिकली. बोट टरारलं होतं, नखाजवळ पिवळा ठिपका धरला होता आणि दाबलं की कळ खांद्यापर्यंत जायची. पण हे मी कुणाला कशाला सांगते?

“मग आजचा स्वयंपाक मी करते,” नूतन म्हणाली. “तुम्ही बाहेर बसून सांगा, मी तसं करते. अंघोळ झालीय माझी.”

“तू?”

मला हसू आलं. आज आठवलं की त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा खरंच आलं.

“आत्या, बाबा सांगायचे, पिकलेलं बोट अन्नाला लागू देऊ नये.”

“तुझे बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते, नूतन. डॉक्टर नव्हते. दूध तेवढं तापवून दिलंस, पुष्कळ झालं. जा, जुई उठली असेल.”

ती गेली. शहाण्याला शब्दाचा मार, असं मी मनाशी म्हटलं आणि पातेलं चुलीवर चढवलं.

माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ही गोष्ट वेगळी आणि तिच्यात काही राम नाही. आईवडील गेल्यावर मी दादाच्या घरी राहिले. घर दादाचं, अंगण दादाचं, रेशनकार्डावर माझं नाव सर्वांत शेवटी. पण स्वयंपाकघर माझं होतं. वहिनीची तब्येत पहिल्यापासून तोळामासा, तिनं ते आपणहून माझ्याकडे सोपवलं. गावात कुणाकडे मुंज असो, केळवण असो, लोक म्हणायचे, ‘मंदाताईंना बोलवा, त्यांच्या हाताला चव आहे.’ एक्कावन्न वर्षांच्या बाईकडे नवरा नाही, पोर नाही, घर नाही. असेल तर ही एवढी चव. ती कोणी काढून घेऊ पाहिली की माझ्या अंगात वारं शिरायचं.

त्यातही तांदळाची खीर ही माझी खास. तिची खुबी मी कोणाला सांगितलेली नव्हती. खीर झाली की पातेलं उतरवून उघडंच निवत ठेवायचं. तासाभरात वर जाड साय धरते. ती साय पळीनं मोडायची नाही. बोटांनी उचलायची, बोटांतच हलक्या हातानं कुस्करायची आणि परत खिरीत मिसळायची. मग घासाघासाला सायीचे रवाळ कण लागतात आणि खाणारा विचारतो, यात घातलंय काय? त्या दिवशीही मी साय उचलली. बोट ठसठसत होतं. खीर कोमट होती, तिच्या उबेनं उलट बरं वाटलं. दोन-तीनदा सगळी साय कुस्करून मी ती नीट मिसळली, वेलची घातली आणि पातेल्यावर ताट झाकलं.

अकरा वाजता गुरुजींचं काम उरकलं. त्यांना आणखी एका घरी जायचं होतं, त्यामुळे शिधा घेऊन ते निघाले. दादानं केळीच्या पानावर नैवेद्य घेतला आणि आम्ही सगळे गच्चीवर गेलो. दादा, त्याचा मुलगा प्रसन्न, नूतन, त्यांची चार वर्षांची जुई आणि मी. घरात एवढेच आम्ही. कावळा शिवला की खाली पानं मांडायची.

कावळा शिवेना.

शेजारच्या गच्चीवर टीव्हीच्या अँटेनावर दोन कावळे बसले होते. एरवी पापड वाळत घातले की राखण करावी लागते, आणि आज साजूक तुपातला वडा पुढ्यात असताना दोघं आपले पंख विंचरत बसलेले. आम्ही बाजूला झालो. लांबून पाहिलं. पान इकडचं तिकडे ठेवलं. काही नाही.

“हिचं काहीतरी मनात राहिलंय,” दादा म्हणाला. तो पानासमोर हात जोडून उभा राहिला. “अगं, तुझं काही राहिलंय का? जुईला मी अंतर देणार नाही. ऐकतेस ना?”

कावळे ढिम्म.

“आई, बाबांकडे माझं लक्ष असेल,” प्रसन्न म्हणाला. नूतननं डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी म्हटलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटचं वर्षभर वहिनीचं सगळं मीच केलं होतं, शेवटचे शब्दही तिनं माझ्याशीच बोललेले.

“वहिनी,” मी म्हणाले, “दादाच्या जेवणाखाण्यात मी काही कमी पडू देणार नाही.”

एका कावळ्यानं चोच अँटेनावर घासली आणि तोंड फिरवलं. काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. ते मी म्हटलं नाही.

बारा वाजले, साडेबारा वाजले. गच्ची तव्यासारखी तापली. जुई माझ्या पदराला लोंबकळत होती.

“आत्याआजी, कावळ्याला भूक नाही का?”

“लागेल हं आता.”

“मला लागलीय. त्याचं मी खाऊ?”

“असं नाही म्हणू, राणी. आधी आजीला, मग आपल्याला.”

“आई, पाणी.”

“थांब, मी आणते,” म्हणून मीच खाली गेले. नैवेद्य वर गेल्यावर माझं सोवळं सुटलं होतं, तेव्हा फ्रीजला हात लावायला हरकत नव्हती. जुईसाठी गार पाण्याची बाटली काढायला मी फ्रीज उघडला, आणि आतल्या कप्प्यात मला तिची स्टीलची वाटी दिसली. वाटीच्या काठावर ‘जुई’ असं नाव कोरलेलं. बारशाला वहिनीनंच ते घालून घेतलं होतं. वाटीत खीर होती. वर झाकण.

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे सकाळी खीर उतरवून मी मागच्या दारी तुळशीला पाणी घालायला गेले, तेवढ्यात या बाईनं सोवळ्यातल्या पातेल्यात पळी घातली होती! नैवेद्य दाखवायच्या आधी! आणि ठेवली कुठे, तर शिळी कणीक, दह्याचं भांडं आणि प्रसन्नच्या डोळ्यांचे थेंब यांच्या शेजारी. तरीच कावळा शिवत नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं वाटल्यानं जरा बरंही वाटलं. दोष सापडला होता आणि तो माझा नव्हता.

मी ती वाटी मोठ्या पातेल्यात पालथी केली. विसळली आणि फळीवर ठेवून दिली. मग गार पाण्याची बाटली घेऊन वर गेले.

साडेतीन वाजता दादा हरला. भुकेनं आणि उन्हानं त्याचा चेहरा काळवंडला होता. “दर्भाचा कावळा करा आणि शिववा,” तो म्हणाला. प्रसन्ननं दर्भाची जुडी बांधून पानाला लावली. जिना उतरताना दादा भिंतीला धरून उतरत होता. मी भराभरा पुढे होऊन सगळं पुन्हा गरम करायला ठेवलं. खिरीला तर खळखळून उकळी आणली. चुलीवर चढलं की सगळं शुद्ध होतं, असं मी मानत होते. पाच तास वैशाखाच्या गरमीत ती तशीच पडून होती, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

आमच्याकडे पुरुष आणि मुलं आधी जेवत. मी वाढायला होते, नूतन वडे तळत होती. जुईनं पान मांडल्याबरोबर खीर मागितली. मी माझ्या हातानं तिच्या त्याच वाटीत खीर वाढली. तिनं ती घटाघटा प्यायली. मी पुन्हा वाढली. भुकेलं पोर ओठांना पांढऱ्या मिशा लावून खाताना पाहून मला वाटलं, वहिनी, कावळ्याचं जाऊ दे, ही बघ तुझी नात जेवतेय.

“मंदा, आजची खीर काही औरच झालीय,” दादा म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा तो जरा हसला होता.

नूतन वड्यांचं ताट घेऊन आली. जुईच्या पानाकडे तिनं पाहिलं. ताट खाली ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, फ्रीज उघडल्याचा आवाज आला. मी मागोमाग गेले.

“आत्या, इथली वाटी?”

“पातेल्यात ओतली. नैवेद्याआधी काढून ठेवू नये, एवढं तुझ्या आईनं शिकवलं नाही का तुला?”

तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं. मी हात पदरात घेतला.

मागून आम्ही दोघी जेवायला बसलो. वहिनी गेल्यापासून मी वर्षभर गोड सोडलं होतं, त्यामुळे खिरीचा थेंबही माझ्या तोंडात गेला नव्हता. नूतननं आमटीभात घेतला, एक वडा घेतला. खीर घेतली नाही.

“खीर नको?”

“नको, आत्या. इच्छा नाही.”

बरं बाई, नसेल तर नसेल. मला तो अपमान वाटला.

साडेपाचला जुईला पहिली उलटी झाली. उन्हात होती म्हणून झाली असेल, असं मी म्हटलं. पंधरा मिनिटांत दुसरी, मग तिसरी. पोटात काही उरलं नाही तरी तिला उमासे येत होते, पोटऱ्या आखडत होत्या. सहापर्यंत प्रसन्न मोरीत बसला होता आणि दादा पलंगावर पोट धरून कण्हत होता. चांगलं नांदतं घर अर्ध्या तासात आडवं झालं.

नूतननं शेजारच्यांकडून डॉक्टरांना फोन केला आणि आल्याबरोबर माठाशेजारचं उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या मापानं मोजून घेतलं. त्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ढवळून ती जुईजवळ बसली आणि चमच्याचमच्यानं तिला पाजायला लागली.

“अगं, पाणी देऊ नकोस! टिकत नाहीये ना तिच्या पोटात?”

“टिकत नाही म्हणूनच द्यायचं, आत्या.” तिनं वर पाहिलं नाही. चमचा द्यायचा, थांबायचं, पुन्हा चमचा. जुईनं उलटी केली की तोंड पुसायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू. तिचा हात जराही हलत नव्हता. मला मात्र कुठे उभं राहावं तेच कळेना. या घरात माणसांना काही हवं असलं की मी देत आले होते, आणि आता माझ्याकडचं कुणाला काहीच नको होतं.

बागवान डॉक्टर स्कूटरवरून आले. तोंडानं फटकळ, पण हाताला गुण असलेला माणूस. त्यांनी जुईच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. पोरगी रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

“हिला दवाखान्यात न्यायचं. सलाइन लावू. मोठ्यांना हेच पाणी पाजत राहा, छान केलंय. काय खाल्लं आज?”

मी सांगितलं.

“खीर केव्हा केली?”

“साडेनवाला उतरवली, साडेदहाला झाकली.”

“आणि जेवलात केव्हा?”

“साडेतीननंतर. पण मी परत उकळली होती, डॉक्टर. चांगली खळखळून.”

“उकळीनं जंतू मरतात, बाई. पण त्यांनी तोवर अन्नात जे विष सोडलेलं असतं ते उकळीनं जात नाही. या उन्हाळ्यात दुधाचा पदार्थ पाच तास बाहेर म्हणजे त्यांना जेवणावळच. झाल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवला असता तर हे झालं नसतं.” त्यांनी बॅग बंद केली. “आता मला सांगा, स्वयंपाक कुणी केला? कुणाच्या हाताला जखम, फोड, गळू काही आहे का? बहुतेक वेळा ते तिथूनच अन्नात जातं. हात दाखवा बरं.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ पदराखाली होती आणि तिच्यात ठसठसणारं बोट.

“तिचे हात काय बघताय, डॉक्टर?” दादा पलंगावरून म्हणाला. “तीस वर्षं या हातचं जेवतोय मी. सोवळ्यात केलाय तिनं स्वयंपाक.”

“सोवळं जंतूंना कळत नाही, दादासाहेब.”

नूतन माझ्याकडे पाहत होती. जुई तिच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. नूतन एका वाक्यात मला उघडं पाडू शकली असती. सकाळचं बोट, काढून टाकलेली पट्टी, पालथी केलेली वाटी. सगळं तिला ठाऊक होतं. ती बोलली नाही. मी बोलावं म्हणून ती वाट पाहत होती. तेवढी संधी तिनं मला दिली. आणि मी बोलले.

“दूध नूतननं तापवलं होतं,” मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दादा कोपरावर उठून बसला. “म्हणजे दूधच नासकं होतं! आणि म्हणूनच हिनं खीर घेतली नाही. मी बघत होतो. पोटच्या पोरीला खाऊ दिलीस आणि आपण तेवढी शहाणी झालीस? कावळा शिवला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं.”

“बाबा, काहीतरीच काय—” मोरीच्या दारातून प्रसन्न म्हणाला आणि पुन्हा वाकला.

नूतननं जुईला चादरीत गुंडाळलं. दाराशी जाऊन ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आत्या, बोटाला गरम पाण्यानं शेक घ्या. आणि डॉक्टरांना दाखवा.”

एवढं हळू म्हणाली की फक्त मलाच ऐकू गेलं.

डॉक्टरांनी जाताना बजावलं, “ती खीर कुणाला देऊ नका. गाईलाही नको. खड्डा करून पुरा.” शेजारच्यांनी जीप काढली. दादालाही सलाइन लावायचं ठरलं आणि चौघंही त्यात बसून गेले. कुणी मला ‘चल’ म्हटलं नाही. म्हणायचं राहिलं असेल.

घरात मी आणि पातेलं. उजेड अजून होता. मी मागच्या अंगणात कुदळीनं खड्डा खणायला घेतला. बोटातून कळा येत होत्या, म्हणून डाव्या हातावर जोर देऊन खणत होते, त्यामुळे खड्डा काही खोल झाला नाही. मी पातेलं उलटं केलं. पांढरी खीर मातीत पसरली, सायीचे रवाळ कण वर राहिले.

आणि कावळे आले. आधी एक आला. मग दोन, मग दहा-बारा. झोपायला परतणारे सगळे कावळे आमच्या अंगणात उतरले आणि काव काव करत त्या खड्ड्यावर तुटून पडले. दिवसभर ज्यांच्यासाठी आम्ही हात जोडून उभे होतो ते आता बोलावल्यासारखे आले होते.

मी ओरडले. कुदळ फिरवली, माती फेकली, ढेकळं मारली. वहिनीच्या श्राद्धाला आलेले कावळे मी दगड मारून हाकलत होते. पायानं, हातानं मिळेल तशी माती त्या खिरीवर लोटली, वर धुण्याचा दगड लोळवत आणून ठेवला आणि त्याच दगडावर बसून मी रडले.

वहिनी गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “वन्सं, आता पळी नूतनच्या हातात द्या. तुम्ही पुष्कळ केलंत. तिला या घरात आपलं असं काही नाही.” मी हो म्हटलं होतं. मरणाऱ्या माणसाला कुणी नाही म्हणतं का? मग वर्षभर ते माझ्यापाशीच ठेवलं. मला वाटायचं, पळी दिली तर मला तरी या घरात काय आपलं उरतं?

“देते, वहिनी,” त्या दगडावर बसून मी मोठ्यानं म्हटलं. “उद्यापासून तिच्याकडे देते.”

ऐकायला कोणी नव्हतं. कावळेही गेले होते.

जुई तिसऱ्या दिवशी बरी झाली. पण नूतन घरी आली नाही. दवाखान्यातून ती परस्पर माहेरी गेली आणि महिन्याभरात प्रसन्ननं पुण्याला बदली करून घेतली. स्वयंपाकघर पुन्हा माझंच राहिलं. दादापुरता भात आणि माझ्यापुरती भाकरी, एवढंच त्यात शिजे. दिवाळीला प्रसन्न एकटा येई, एक दिवस राही. जुईची वाटी फळीवर होती, मी ती रोज घासून पालथी ठेवायची. दादानं सुनेचं नाव टाकलं ते टाकलंच. ‘नासक्या दुधाची’ म्हणायचा तो तिला. दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. जेवायला वाढताना वाटायचं, त्याचं जेवण तर होऊ दे. त्याचं जेवण झालं की मला वाटायचं, आता त्याची झोप कशाला मोडा. अशी अकरा वर्षं गेली आणि दादा गेला. तो नूतनवर रागावलेलाच गेला. हे माझं काम, दुसऱ्या कुणाचं नाही.

त्याच्या वर्षश्राद्धाला नूतन आली. केसांत रुपेरी बटा, जुई तिच्या खांद्याच्या वर गेलेली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि पळी तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली. मग ओट्यावर ठेवली आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. एकेक बोट पाहिलं.

“साबणानं धुवा आत्या, आणि नारळ खोवून द्या,” ती म्हणाली.

मी धुतले. पुष्कळ वेळ धुतले.

नैवेद्य गच्चीवर गेला, आणि कावळा याही वेळी येईना. प्रसन्न हात जोडून काहीतरी म्हणाला. मग मी पुढे झाले.

“दादा, ती खीर नूतनमुळे नासली नव्हती. दूध चांगलं होतं. माझं बोट पिकलं होतं आणि मी ते त्यात बुडवलं. तिनं जुईसाठी वेगळी काढून ठेवलेली वाटी मीच परत ओतली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी हात लपवला. तिला सगळं माहीत होतं, पण तिनं माझं नाव सांगितलं नाही.”

प्रसन्न माझ्याकडे बघत राहिला. जुईनं आईकडे पाहिलं. नूतन मनगटावरचं घड्याळ बघत होती.

“बारा वाजून गेले,” ती म्हणाली. “ऊन फार आहे. गाईचा घास काढलाय, तो देऊ आणि जेवून घेऊ. अन्न थांबवायचं नाही.”

आम्ही खाली आलो. कावळा नंतर शिवला का, ते मी वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी सगळे एका पंगतीला बसले. प्रसन्न माझ्याशी बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं. मला खीर वाढायला नूतन वाकली तेव्हा मी पानावर हात आडवा धरला. त्या दिवसानंतर मी खीर कधी केली नव्हती, कधी खाल्ली नव्हती. तिनं आग्रह केला नाही. चारच्या गाडीनं ती माणसं पुण्याला गेली. मी फाटकापर्यंत गेले. ‘परत या’ असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. जुईनं वाकून नमस्कार केला तेवढा.

घर परत रिकामं झालं. भांडी घासलेली, ओटा पुसलेला, माझ्यासाठी काही काम म्हणून तिनं ठेवलेलं नव्हतं. दिवेलागणीला सकाळचं दूध उरलंय का पाहायला मी फ्रीज उघडला.

आतल्या कप्प्यात वाटी होती. काठावर ‘जुई’ असं कोरलेली. वर झाकण. नैवेद्य वर न्यायच्या आधीच तिनं ती काढून ठेवलेली असणार.

मी हात धुतले, स्वयंपाकघरातच पाटावर बसले आणि खीर खाल्ली. गार होती. साय तिनं मोडली नव्हती, अख्खी वर तशीच होती.